रेग्युलेटरच्या नळ्या बदलायच्या आहेत: रबरी घ्याव्यात की विणलेल्या?

सागरगोटा
नमस्कार मंडळी.

मी पुण्याची, डाइव्हिंग शिकले तारकर्लीला. सहा वर्षांपूर्वी स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा सेट, घेतला. आता नोव्हेंबरात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जायचं ठरतंय म्हणून पावसाळाभर कपाटात असलेला सेट काल बाहेर काढला. ऑक्टोपसच्या (अडचणीत साथीदाराला द्यायच्या जादा माउथपीसच्या) पिवळ्या नळीवरचा प्लास्टिकचा प्रोटेक्टर सहज मागे सरकवला, तर सिलिंडरवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजच्या जवळ, धातूची टोपी संपते तिथेच रबराला आडव्या बारीक भेगा. नळी वाकवली की उघडतात. बाकीच्या तीन नळ्या वरून ठणठणीत दिसतात.

एवढी एकच बदलू की सगळ्या? रबरीच घेऊ की त्या नायलॉनने विणलेल्या, हलक्या मिळतात त्या? लांबीचंही विचारायचं आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. तोंडातल्या सेकंड स्टेजची नळी उजव्या खांद्यावरून एवढी मोठी कमान करून येते की प्रवाहात माउथपीस ओढला जातो आणि डाइव्ह संपेपर्यंत जबडा दुखतो. आणि हे काम घरी करता येतं का?

खाजणवाट
आधी सगळे प्रोटेक्टर काढून टाका. आत खारं पाणी साचतं, वाळतं, मीठ तिथेच राहतं. आणि भेगा पडल्या तरी दिसत नाहीत, हे तर तुम्ही पाहिलंच.

दीपस्तंभ
सागरगोटा, त्या नळीवर एकही डाइव्ह करू नका. अगदी तलावातसुद्धा नाही.

मी शिकवतो, आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचा एक गैरसमज असतो, तो इथे आधी दूर करतो. तुमच्या सेटवर चार नळ्या आहेत. तीन लो प्रेशरच्या: तोंडातली, ऑक्टोपसची आणि जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची. चौथी सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजची, हाय प्रेशरची. गेजच्या नळीत सिलिंडरचा पूर्ण दाब असतो, भरलेलं असताना २०० बार. लो प्रेशरच्या नळ्यांत आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त. त्यामुळे सगळे गेजच्या नळीला घाबरतात.

प्रत्यक्षात उलट आहे. गेजच्या नळीच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकाला सुईच्या अग्राएवढंच छिद्र असतं. ती फुटली तर आवाज आणि बुडबुडे भयंकर, पण हवा त्या छिद्रातून जाईल तेवढीच जाणार. सावकाश वर यायला वेळ मिळतो. लो प्रेशरच्या नळीत असं काही अडवणारं नसतं, कारण तिचं कामच भरपूर हवा देणं आहे. ती पूर्ण तुटली तर भरलेलं सिलिंडर मिनिटा-दोन मिनिटांत रिकामं होतं. म्हणून ऑक्टोपसच्या नळीवरची भेग ही 'नंतर बघू' मधली गोष्ट नाही.

आता सगळ्या बदलायच्या का? धातूच्या टोपीवर किंवा रबरावर नीट बघा, बहुतेक नळ्यांवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. तिघी एकाच वयाच्या असतील तर तिन्ही बदला. एकत्र राहिल्या, एकच ऊन खाल्लं, एकच मीठ खाल्लं.

कासवचाल
मला हे पटत नाही. जी खराब झाली ती बदला, चांगल्या दोन कशासाठी टाकून द्यायच्या? माझ्या नळ्या दहा वर्षांहून जुन्या आहेत, दर वर्षी सर्व्हिसिंग करतो, एकदाही त्रास नाही. आपल्याकडे हे सगळं बाहेरून येतं, वर कस्टम्स भरा. हौसेच्या डाइव्हरला दर काही वर्षांनी तीन-तीन नळ्या परवडत नाहीत.

फुगेफुगे
हौसेला मोल नसतं कासवचाल, होजला असतं :)

खोत_मालवण
सागरगोटा बाय, मी मालवणचो. पंधरा वर्सां पर्यटकांका पाण्यात नेतंय. एक सांगतंय, रबर पाण्यात मरणा नाय, उन्हात मरता. लोक डाइव्ह करून येतत, सेट होडयेत उन्हात टाकतत आणि जेवूक बसतत. त्येच्यात नळी वाकलेली, वर कोणाचो तरी वजनाचो पट्टो. तुझी सहा वर्सां झाली तर बदलून टाक, इचार करीत बसा नको.

अबोली_वलसाडकर
+१ खोतकाका. आणि सेट फर्स्ट स्टेजला धरून खिळ्यावर टांगू नका. चारही नळ्यांचा भार टोपीपाशी पडतो, आणि भेगा नेमक्या तिथेच येतात. मी सेट सैल गुंडाळी करून आडवा ठेवते.

सागरगोटा
अबोली, माझा सेट सहा वर्षं कपाटाच्या दारामागे हुकवरच टांगलेला होता. आजच काढला.

विणलेल्या नळ्यांबद्दल कोणी सांगेल का?

नीलपंख
मी चार वर्षं विणलेल्या वापरतोय आणि परत रबरीकडे जाणार नाही. हलक्या, मऊ, गाठ मारावी इतक्या वळतात. जबडादुखीचं म्हणाल तर माझी तिथेच थांबली. विमानाच्या सामानातही वजन वाचतं.

तारामासा
नीलपंख, वळतात हे खरं. पण माझा अनुभव लिहिते, कारण तो आपल्या हवामानाशी जोडलेला आहे.

अंदमानात, हॅवलॉकला दोन हंगाम काम केलं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी माझ्या विणलेल्या नळीवरचा सेकंड स्टेज श्वास घेताना जड वाटायला लागला. फार नाही, पण रोज तोच रेग्युलेटर तोंडात असला की कळतं. वाटलं सेकंड स्टेजचंच काही बिघडलं असेल. उघडला, तर आत पिवळट, रव्यासारखे कण. नळी सोडवून उजेडाकडे धरून आत पाहिलं तर भिंतीवर तसेच कण चिकटलेले, एका ठिकाणी तर नळीचं अर्धं तोंड बुजलेलं. बाहेरून नळी नव्यासारखी होती! एक धागा उसवलेला नव्हता.

मग वाचल्यावर कळलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग सुरक्षेच्या संस्थेने याबद्दल डाइव्हर्सना सावध केलेलं आहे. अशा काही नळ्यांत आतली खरी नळी पॉलियुरेथेनची असते आणि त्यातल्या पॉलिएस्टर प्रकारच्या प्लास्टिकची उष्णता आणि ओलावा एकत्र आले की हळूहळू फोड होते. थंड देशात तीच नळी वर्षानुवर्षं टिकेल. आपल्याकडे मे महिन्यातली बंद गाडी, कोकणातली दमट खोली, होडीचा टप, या सगळ्यात तिचं आयुष्य कमी होतं. रबरी नळी म्हातारी होते तेव्हा बाहेरून सांगते: भेगा, फुगवटा, चिकटपणा. विणलेली बाहेरून काहीच सांगत नाही.

सगळ्याच विणलेल्या नळ्या वाईट असं मी म्हणत नाही. आतलं प्लास्टिक बदललेल्याही बाजारात आहेत. पण घेताना आतली नळी कशाची आहे हे विचारा, दुकानदाराला सांगता आलं नाही तर घेऊ नका. आणि घेतलीत तर पाच वर्षांच्या वर एक दिवस नको. मी स्वतः रबरीवर आले.

नीलपंख
तारामासा, हे मला माहीत नव्हतं. आज घरी जाऊन टॉर्च लावून बघतो.

पाना_दहाचा
मी डाइव्हर नाही, बायको डाइव्हर आहे. सेट मी सांभाळतो. एक विचारू का? भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारी दुकानं रांगेने आहेत. हव्या त्या लांबीची, ३०० बारची नळी अर्ध्या तासात. फिटिंग तर लेथवर काढता येतील. मग परदेशातून कशाला मागवायची?

दीपस्तंभ
नको. दाब पेलेल, पण ती नळी तेलासाठी बनलेली असते. तुम्ही तिच्यातून श्वास घेणार आहात. आतल्या रबराचा वास, त्यातून सुटणारी रसायनं, कापताना आत राहिलेली भुकटी, तेलाचा अंश, हे सगळं दाबाखाली फुफ्फुसात जाणार. श्वासाच्या हवेसाठी बनलेलीच नळी हवी. युरोपात रेग्युलेटरसाठी ईएन २५० हे मानक आहे, नळी त्यानुसार चाचणी झालेली आहे का हे विचारून घ्या.

पाना_दहाचा
समजलं. दाब डोक्यात होता, श्वास नव्हता. मी हे बायकोच्या सेटवर करणार होतो, वेळेवर विचारलं ते बरं झालं.

आट्यांची मापं मात्र मी मोजून ठेवली आहेत, कोणाला उपयोग होईल. आजच्या बहुतेक फर्स्ट स्टेजवर लो प्रेशरचं पोर्ट (नळी बसवायचं भोक) तीन सूत, इंचाला २४ आटे; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हाय प्रेशरचं साडेतीन सूत, २० आटे. ही दोन मुद्दाम वेगळी आहेत, म्हणजे चुकून लो प्रेशरची नळी २०० बारच्या पोर्टवर चढू नये. नळीचं सेकंड स्टेजकडचं टोक साडेचार सूत, १८ आटे. काही जुन्या फर्स्ट स्टेजवर एखादं लो प्रेशर पोर्ट चार सुताचंही असतं, तेव्हा मागवण्याआधी कॅलिपर लावा.

खाजणवाट
'सूत' किती वर्षांनी वाचलं! आमचे वडील सुतारकामात सगळं सुतातच सांगायचे. अवांतराबद्दल क्षमस्व.

मेलबर्नकर
अवांतर चाललंय तर मीही थोडं करतो, या शहराचा संबंध आहे म्हणून. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी बनवलेल्या रेग्युलेटरला दोन जाड, घड्याघड्यांच्या नळ्या होत्या. यंत्र सगळं पाठीवर, एका नळीतून हवा तोंडाकडे यायची, दुसरीतून उच्छ्वास परत मागे जायचा. आज आपण वापरतो ती रचना, म्हणजे पहिला टप्पा सिलिंडरवर, दुसरा तोंडात आणि मध्ये एकच बारीक नळी, ती इथे मेलबर्नला टेड एल्ड्रेडने बाजारात आणली. १९५२ साली, 'पॉरपॉइज' नावाने. तुम्ही सगळे ज्या नळीवर बोलताय ती तिथून आली. मला इथे पहिल्यांदा हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

अबोली_वलसाडकर
मेलबर्नकर, छान माहिती. आता सागरगोटाच्या लांबीच्या प्रश्नाकडे कोणीच गेलं नाही म्हणून मी येते. माझी उंची तुमच्याहून एक इंच कमी.

बाजारात तोंडातल्या सेकंड स्टेजची नळी साधारण २८ ते ३० इंच आणि ऑक्टोपसची ३६ ते ४० इंच मिळते. पण आकड्यावर जाऊ नका, सुतळी घ्या. जॅकेट सिलिंडरला बांधा, फर्स्ट स्टेज लावा, अंगावर चढवा. सेकंड स्टेज तोंडात धरा. कोणाला तरी सांगून पोर्टपासून तोंडापर्यंत नळी जशी यायला हवी तशी सुतळी लावा. मग डावीकडे पूर्ण वळा, वर बघा. सुतळी ओढली न जाता जेवढी लागेल तेवढी तुमची लांबी. माझी २७ इंच आली, मी २८ ची घेतली.

आणखी एक. कमानीचं कारण लांबी नसेलही. फर्स्ट स्टेजवर लो प्रेशरची चार-पाच पोर्ट असतात. नळी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या पोर्टवर असेल तर कमान होणारच. खाली तोंड असलेल्या पोर्टवर घेऊन काखेखालून आणून बघा. तेव्हा मात्र नळी जरा जास्त लांब लागते आणि सेकंड स्टेजपाशी कोनाचा जोड लागतो. त्या जोडात जादा ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आल्या, म्हणजे गळायला आणखी जागा. मला खांद्यावरूनच बरी वाटते.

नीलपंख
काही जण सात फुटी नळी अंगाभोवती गुंडाळतात, ती कशासाठी?

दीपस्तंभ
ती पद्धत फ्लोरिडातल्या गुहांत डाइव्ह करणाऱ्यांची. अरुंद वाटेत दोघांना शेजारी पोहता येत नाही, एकामागे एक निघावं लागतं, तेव्हा तोंडातला रेग्युलेटर साथीदाराला देऊन मधे सात फूट अंतर ठेवता येतं. स्वतःचा दुसरा गळ्यात इलॅस्टिकला, २२-२४ इंची नळीवर. पद्धत उत्तम आहे, पण शिकून करायची. नेत्राणीला प्रवाहात नवशिक्याच्या अंगावरून ती सुटली की खडकात अडकते. सागरगोटा, तुम्हाला आत्ता गरज नाही.

फुगेफुगे
वर चेष्टा केली, आता गंभीरपणे लिहिते. हे कासवचाल यांच्यासाठी आहे, रागावू नका.

चार वर्षांपूर्वी गोव्यात, ग्रँड आयलंडपाशी, ११ मीटरवर माझी इन्फ्लेटरची नळी गेली. जॅकेटला जोडते त्या टोकाशी, टोपीतून सुटली. आधी एक धक्का, मग छातीसमोर पांढरं पाणी, काही दिसेना. नळी सापासारखी फटके मारत होती. मला वाटलं जॅकेट फाटलं. गेज बघितला तर काटा डोळ्यांसमोर खाली येत होता. मी काटा असा हलताना कधी पाहिला नव्हता.

बडी, म्हणजे माझी डाइव्हची जोडीदार, दोन हातांवर होती म्हणून मी हे लिहितेय. तिने ऑक्टोपस पुढे केला, मी तो तोंडात घेतला, आणि मी तिच्या हवेवर आहे याची खात्री झाल्यावर तिने माझ्या मागे जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. मग एकमेकींचे पट्टे धरून सावकाश वर आलो. माझ्या सिलिंडरमध्ये फार थोडी हवा उरली होती.

ती नळी सात वर्षांची होती. त्याच वर्षी सर्व्हिसिंग झालं होतं. मी सर्व्हिसिंगवाल्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही फर्स्ट आणि सेकंड स्टेज उघडतो, नळ्या वरून बघतो. सर्व्हिसिंग म्हणजे नळ्यांचा आतून तपास नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

कासवचाल
रागावण्याचा प्रश्नच नाही. असं कोणी सविस्तर सांगितलं नव्हतं. सर्व्हिसिंगमध्ये नळ्याही आल्याच असं मी धरून चाललो होतो.

खोत_मालवण
बडी जवळ होती ता म्हत्त्वाचा. दोन हातांच्या पलीकडे कोणाक जावक देव नको.

पाना_दहाचा
सागरगोटा, घरी करता येतं का या प्रश्नाबद्दल. नळी बदलणं कठीण नाही, पण दोन-तीन गोष्टी जाणून करायला हव्या.

फर्स्ट स्टेजकडचं टोक सोपं. सिलिंडर बंद, सेकंड स्टेजवरचं परजचं (हवा सोडायचं) बटण दाबून दाब पूर्ण काढलेला. योग्य मापाचा पाना लावा, स्लाइड पान्याने क्रोमवर ओरखडे पडतात आणि तिथून गंज लागतो. नवी ओ-रिंग, तिच्यावर बोटाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) किंवा ऑक्सिजनसाठी साफ केलेला सेट असेल तर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस. ओ-रिंगांचे नंबर लिहून ठेवा: लो प्रेशर पोर्टला ०११, हाय प्रेशरला ०१२, गेजमधल्या फिरत्या नळकांडीला ००३ च्या दोन. गेजपाशी बारीक बुडबुडे येत असतील तर बहुतेक वेळा त्या दोन रिंगांचाच दोष असतो, नळीचा नाही.

आधी हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने थोडं. चार-पाच न्यूटन-मीटर पुरतं. जोर करायचा नाही, गळती ओ-रिंग थांबवते, पिळणं नाही. पितळेचे आटे एकदा गेले की फर्स्ट स्टेजच गेला.

सेकंड स्टेजकडे मात्र दोन पाने लागतात. एकाने सेकंड स्टेजचा आतला नट धरायचा, दुसऱ्याने नळीचा फिरवायचा. न धरता फिरवलंत तर आतला भाग फिरतो, लिव्हरची जुळणी बिघडते आणि मग हवा सतत वाहते किंवा ओढून घ्यावी लागते. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं.

दीपस्तंभ
उत्तम लिहिलंत. एवढंच जोडतो: पहिल्यांदा करताना तंत्रज्ञासमोर करा. त्याच्याकडे लो प्रेशर मोजायचा गेज असतो, तो लावून दाब एका जागी स्थिर राहतोय की हळूहळू चढतोय हे बघून घ्या. चढत असेल तर फर्स्ट स्टेजची सीट झिजली आहे, आणि तो जादा दाब तुमच्या नव्या नळ्यांवरच येणार. मग सिलिंडर लावून, उघडून, सगळा सेट पाण्याच्या पिंपात बुडवा. प्रत्येक नळी टोपीपाशी हाताने वाकवून बघा. सिलिंडर उघडण्याआधी गेजची काच चेहऱ्यापासून दूर.

तारामासा
आणि ज्यांचा ऑक्टोपस इन्फ्लेटरमध्येच बसवलेला असतो त्यांनी सावध. त्या नळीचं जोडायचं टोक मोठं असतं, नेहमीची इन्फ्लेटरची नळी तिथे बसत नाही. माझ्या मैत्रिणीने बोटीवर पोचल्यावर हे पाहिलं आणि तो दिवस काठावर काढला.

सागरगोटा
तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांच्या सांगण्यातून काय केलं ते लिहिते.

टोपीवरच्या तारखा वाचायला भिंग लागलं. लो प्रेशरच्या तिन्ही नळ्या मी सेट घेतला त्याच्याही दोन वर्षं आधी बनलेल्या निघाल्या! म्हणजे सहा नव्हे, आठ वर्षांच्या. गेजची नळी गेज बदलला तेव्हा नवी आली होती, तीन वर्षांची, ती ठेवली. फक्त तिच्या दोन ओ-रिंगा बदलल्या.

तिन्ही रबरीच घेतल्या. विणलेलीचा मोह झाला होता, पण माझा सेट पुण्याहून कोकणात गाडीच्या डिकीतून जातो, तारामासाचं वाचल्यावर तो विषय संपला. सुतळीने मोजलं, २७ इंच आली. आणि अबोली, तू म्हणालीस तेच होतं: नळी बाहेरच्या पोर्टवर होती. आतल्या पोर्टवर घेतली, २८ ची लावली, कमान मानेजवळ आली. पोहण्याच्या तलावात तासभर राहिले, जबडा दुखला नाही. नळ्या तंत्रज्ञासमोर मी स्वतः लावल्या, दोन पाने घेऊन. पिंपात एकही बुडबुडा नाही.

जुन्या नळ्या टाकण्याआधी ब्लेडने उभ्या चिरल्या. भेगा पडलेल्या ऑक्टोपसच्या नळीत आतलं रबर शाबूत होतं, मधली कापडी वीण तेवढी तपकिरी झाली होती आणि तिच्यात मिठाचे कण होते. पण इन्फ्लेटरची नळी, जी वरून सगळ्यात चांगली दिसत होती, तिच्या आतल्या रबराला टोपीच्या कडेलाच अर्ध्या घेराएवढी चीर होती. फुगेफुगे, तुमची जिथून सुटली तीच जागा. मी बराच वेळ ते हातात घेऊन बसले होते.

फुगेफुगे
वाचून अंगावर काटा आला. तो तुकडा टाकू नका. क्लबमध्ये नेऊन सगळ्यांच्या हातात द्या.

दीपस्तंभ
मला पाठवाल का? वर्गात दाखवायला हवा आहे.

सागरगोटा
तुम्हाला ऑक्टोपसची पाठवते. इन्फ्लेटरची मी ठेवणार.

नीलपंख
टॉर्च लावून पाहिलं. माझ्या दोन नळ्या स्वच्छ आहेत, एकीत खालच्या टोकाला पिवळी धूळ आहे. तिन्ही काढल्या.

कासवचाल
मीही प्रोटेक्टर मागे सारून तारखा वाचल्या. दोन २०१३ च्या, एक वाचताच येत नाही. पाना_दहाचा, त्या ओ-रिंगांचे नंबर लिहून घेतले आहेत. सागरगोटा, तुम्ही रबरी नळ्या कुठून मागवल्या ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

सागरगोटा
केला. शनिवारी रात्री मुरुडेश्वरला निघतोय, खोतकाका मालवणहून येतायत. गाडीत एक जागा आहे.

कासवचाल
माझ्या नळ्या तोपर्यंत येणार नाहीत.

खोत_मालवण
तू ये रे. सेट माझो घे, नळयो ह्या मे महिन्यातल्यो हत.